ह्या वयात हे शोभतं का?



आपल्या वाड्यावस्त्यांत एक प्रश्न फार सहज विचारला जातो. सत्तरीची आजी नातवंडांबरोबर अंगणात लंगडी घालू लागते, निवृत्त मास्तर पेटी शिकायला बसतात, एखादी विधवा बाई नाताळच्या नाटकात काम करण्याची इच्छा बोलून दाखवते आणि लगेच घरातूनच आवाज येतो, "ह्या वयात हे शोभतं का? लोक काय म्हणतील?"

विचारणारी माणसे वाईट नसतात. आई पडेल, बाबांचे हसे होईल, ह्या काळजीपोटीच ती बोलतात. परंतु ह्या प्रश्नामागे मनुष्याविषयीची एक समजूत दडलेली आहे. खेळ लहानांचा, काम मोठ्यांचे आणि म्हातारपणी उरते ते नुसते बसून राहणे, अशी ती समजूत. तिच्या जोडीला 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहेच. ही समजूत खरी आहे का? ती ख्रिस्ती आहे का? ह्यावर आज थोडा विचार करू या.

पौल आणि लहान मूल

पवित्र शास्त्रात ह्या विषयावर दोन वचने एकमेकांसमोर उभी असल्यासारखी वाटतात. संत पौल म्हणतो की, मूल होतो तेव्हा मुलासारखा बोललो, मुलासारखा विचार केला; प्रौढ झाल्यावर पोरपणाच्या गोष्टी सोडून दिल्या (१ करिंथ १३:११). उलट प्रभू येशू एका बालकाला मध्ये उभे करून सांगतो की, तुम्ही बदलून बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात तुमचा प्रवेश होणार नाही (मत्तय १८:३). मग आपण ऐकायचे कोणाचे?

उत्तर पौलच पुढच्या अध्यायात देतो. दुष्टपणाच्या बाबतीत तुम्ही तान्ह्या बाळासारखे असा, समजुतीच्या बाबतीत मात्र प्रौढ व्हा, असे तो करिंथकरांना बजावतो (१ करिंथ १४:२०). म्हणजे मुलात दोन गोष्टी असतात. एक बालिशपणा: सगळे मलाच हवे, हरलो की पट उधळून द्यायचा, मनासारखे झाले नाही की रुसून बसायचे. दुसरा बालभाव: प्रत्येक गोष्टीचे नवल वाटणे, ठाऊक नसेल ते विचारायला न लाजणे, पडलो तर गुडघा झटकून पुन्हा उठणे, आपल्याला कोणी तरी सांभाळणारे आहे ह्या भरवशावर निर्धास्त असणे. पहिला सोडायचा, दुसरा राखायचा. आपल्यापैकी पुष्कळांचे नेमके उलट होते! कुतूहल आपण विशीतच टाकून देतो आणि रुसवे-फुगवे मात्र ऐंशीपर्यंत जपून ठेवतो.

संत ऑगस्टिनने आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथात बालपणाच्या दोन आठवणी सांगितल्या आहेत. चेंडू खेळल्याबद्दल त्याला मार बसत असे. मारणारी मोठी माणसे स्वतःही खेळच खेळत, फक्त आपल्या खेळाला ती 'कामकाज' म्हणत. दुसरी आठवण भाषेची. लॅटिन तो दाईच्या लाडात, हसण्याखेळण्यात बोलता बोलता शिकला. ग्रीक त्याला शिक्षेच्या धाकाने शिकवली गेली आणि ती त्याला कधी गोड लागली नाही. शिकण्यासाठी धाकापेक्षा मोकळे कुतूहल अधिक उपयोगी पडते, हा निष्कर्ष त्याने सोळाशे वर्षांपूर्वीच काढला होता. जे मुलाला लागू, ते आजोबांना का लागू नसावे?

खेळकरपणा हा सद्गुण

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ॲरिस्टॉटल वाचावा लागतो. त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात एका सद्गुणाला जागा दिली आहे: खेळकरपणा. सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, असे तो मानतो. एका टोकाला प्रत्येक गोष्टीचा फाजील विनोद करणारा विदूषक, दुसऱ्या टोकाला कधीच न हसणारा रुक्ष माणूस. मधला, प्रसंग ओळखून हसणारा आणि हसवणारा, तो खेळकर.

संत थॉमस अक्वायनसने हा विचार 'सुमा थिऑलॉजिका'त आणखी पुढे नेला. शरीर दमते तसे मनही दमते. शरीराला झोप हवी तसा मनाला खेळ हवा, असे तो म्हणतो. त्यासाठी तो प्रेषित योहानाची एक जुनी कथा सांगतो. योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जणांना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला सांगितले आणि विचारले, "असे तू सतत करू शकशील का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." योहान म्हणाला, "मनाचेही तसेच आहे."

थॉमस तेवढ्यावर थांबत नाही. खेळाचा अतिरेक हा दोष, तसा खेळाचा पूर्ण अभाव हाही दोष, असे तो स्पष्ट लिहितो. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, तो इतरांना भार होतो आणि ते विवेकाला धरून नाही. बंधुभगिनींनो, पापांगीकाराला जाण्यापूर्वी आपण आपला विवेक तपासतो. 'मी कोणाच्या आनंदावर विरजण घातले का?' हा प्रश्न त्या वेळी आपल्यापैकी किती जण स्वतःला विचारतात?

खेळाला थॉमस तीन कुंपणेही घालतो. खेळात अश्लील किंवा दुसऱ्याला इजा करणारे काही नसावे. खेळताना मनाचा तोल पार सुटू नये. आणि खेळ व्यक्तीला, वेळेला व स्थळाला साजेसा असावा. पैसे लावून रात्र रात्र चालणारा पत्त्यांचा डाव पहिल्या दोन कुंपणांवरच अडतो. तिसऱ्या कुंपणापाशी आपला प्रश्न पुन्हा येतो: ह्या वयाला हे साजते का? थॉमसचे उत्तर असे की, कोणता खेळ साजतो हे वयावरून ठरेल, खेळच साजत नाही असे मात्र ठरणार नाही. पंचाहत्तरीत झाडावर चढू नये, हे शहाणपण आहे. पंचाहत्तरीत नवे गाणे शिकू नये, ही निव्वळ सवय आहे.

दावीद राजाने हा प्रश्न फार पूर्वी ऐकला होता. देवाच्या कराराचा कोश यरुशलेमेत आणला तेव्हा तो सर्वांसमोर नाचला. मीखलने खिडकीतून पाहिले आणि तिच्या मनात तिरस्कार दाटून आला. राजाला हे शोभते का, असाच तिचा सूर होता. मी परमेश्वरासमोर नाचलो, माझ्या दृष्टीने मी आणखी हलका व्हायलाही तयार आहे, अशा अर्थाचे उत्तर दावीदने तिला दिले (२ शमुवेल ६). घरोघरी आजही खिडकीत मीखल उभी असते.

डॉन बॉस्कोचे चेंडू आणि आजचे शास्त्र

संत जॉन बॉस्को लहानपणी जत्रेत जाऊन डोंबाऱ्यांचे खेळ बारकाईने पाहत असे. घरी येऊन पडत-धडपडत तो ते शिकला: दोरीवरून चालणे, कोलांट्या, हातचलाखी, चेंडू हवेत खेळवणे. मग रविवारी बेक्की गावातल्या कुरणात लोक जमवून तो खेळ करी. तिकीट एकच! आधी सर्वांनी रोजरी म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. खेळासाठी शरीर लवचिक लागे आणि प्रवचनासाठी स्मरणशक्ती तल्लख लागे. दोन्ही एकाच कुरणात घडत होते. पुढे १८३२ साली किएरी येथे शिकत असताना त्याने सोबत्यांची 'आनंद मंडळी' स्थापन केली.

चेंडू हवेत खेळवण्याच्या ह्याच कलेवर जर्मनीतील संशोधकांनी २००४ साली अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना ही कला येत नव्हती त्यांना तीन चेंडू खेळवायला तीन महिने शिकवले. मेंदूची छायाचित्रे घेतली तेव्हा हालचाल टिपणाऱ्या भागातील करडा द्रव्यभाग वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर तीन महिन्यांनी तो पुन्हा कमी झाला. २००८ साली साठीच्या आसपासच्या लोकांवर असाच प्रयोग झाला. तरुणांइतके सफाईने त्यांना जमले नाही. पण त्यांच्याही मेंदूत बदल दिसला. म्हणजे मेंदू साठीला दार लावून घेत नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

२००३ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका अभ्यासात ७५ वर्षांवरील ४६९ लोकांची सरासरी पाच वर्षे पाहणी झाली. वाचन करणारे, पटावरचे व पत्त्यांचे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे, ह्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक व्यायामांपैकी नाच हा एकच असा होता. नाचात पाय हलतात, ताल मोजावा लागतो, पुढची पावले आठवावी लागतात आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवावे लागते, हे ध्यानात घेतले तर आश्चर्य वाटत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवे की, अशा पाहणीतून कारण पक्के सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती आतून ढासळू लागलेली असते, ते कदाचित आधीच खेळणे सोडून देत असतील. संशोधकांनीही ही शक्यता नोंदवली आहे.

अमेरिकेतील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' ह्या संस्थेच्या ६७८ वयस्क धर्मभगिनींनी तर मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायचे कबूल केले. त्यांपैकी एका सिस्टर १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांची बुद्धी चाचण्यांत उत्तम ठरली होती. मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या! आयुष्यभर शिकत आणि शिकवत राहिलेल्या मनाजवळ काहीतरी शिल्लक साठलेली असते, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग खेळ हे औषध आहे का?

इथे थोडे थांबू या. हे सगळे वाचून कोणी म्हणेल, "फादर, कळले. उद्यापासून रोज अर्धा तास शब्दकोडे, अर्धा तास नाच. मेंदूची गोळी समजून घेतो." कोडे जरूर सोडवा. पण खेळ गोळी झाला की तो खेळ राहत नाही. त्यात भीती शिरते. आज शब्द आठवला नाही, म्हणजे आपली सुरुवात झाली की काय, ह्या धास्तीने खेळणारा माणूस खेळत नसतो. तो पहारा देत असतो.

त्याहून गंभीर प्रश्न पुढे आहे. चपळ राहणे हेच जर चांगल्या म्हातारपणाचे माप मानले, तर जे चपळ राहिले नाहीत त्यांचे काय? आपल्या धर्मग्रामात कित्येक घरांत खाटेला खिळलेले वडील आहेत, मुलाचे नाव विसरलेली आई आहे. त्यांनी आयुष्यात पुरेशी कोडी सोडवली नाहीत म्हणून हे झाले, असे का आपण म्हणणार? असे म्हणणे असत्य आहे, शिवाय क्रूरही. ज्यांनी शेवटपर्यंत वाचले, गायले, शेती केली, अशांनाही हा आजार होतो. मनुष्याची किंमत त्याच्या तल्लखपणात नाही. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, ह्यात ती आहे. आणि प्रतिरूप विसरभोळे झाले म्हणून पुसले जात नाही.

मग खेळायचे कशासाठी? थॉमस अक्वायनस एके ठिकाणी चिंतनाची तुलना खेळाशी करतो आणि दोन कारणे देतो. खेळात आनंद असतो. आणि खेळ दुसऱ्या कशासाठी नसतो, तो स्वतःसाठीच असतो. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील ज्ञान जगाच्या निर्मितीच्या वेळी देवासमोर आनंदाने खेळत-बागडत होते. देवाला जगाची गरज नव्हती. ते त्याने उदंड आनंदातून केले. रोमानो गार्दिनी ह्या धर्मगुरूने १९१८ साली उपासनेवरील आपल्या पुस्तकात मिस्साविधीलाही ह्याच अर्थाने खेळ म्हटले. मेणबत्त्या, धूप, मिरवणूक, गायन, झगे ह्यांतून काही 'उत्पादन' होत नाही. पण त्यांना अर्थ आहे. आपण देवासमोर, देवासाठी, देवाची मुले म्हणून वावरतो, एवढेच. आणि तेच सर्वस्व.

ह्या दृष्टीने पाहिले की चपळपणाचाही अर्थ बदलतो. नवे काही शिकणारा माणूस चार लोकांसमोर अडखळायला तयार होतो. रंगमंचावर उभा राहणारा माणूस वाक्य विसरण्याचा धोका पत्करतो. सत्तर वर्षे 'मला सगळे येते' असे वागलेला माणूस नातीसमोर पेटीवर चुकीचा सूर दाबतो आणि हसतो, तेव्हा तो नम्रता शिकत असतो, आणि विश्वासही. पुढे केव्हा तरी आपल्याला दुसऱ्याच्या हातून जेवावे लागेल, दुसऱ्याचा आधार घेऊन उठावे लागेल. हसत हसत चुकायला शिकलेला माणूस त्या दिवसाला कमी घाबरतो. अशा रीतीने खेळ हा म्हातारपण टाळण्याचा उपाय नसून ते स्वीकारण्याची तयारी ठरतो. मेंदू तरतरीत राहिला तर तो वरचा प्रसाद.

आणि आठवण जाते तेव्हाही सगळे जात नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देताना हे पुन्हा पुन्हा दिसते. समोरच्याला न ओळखणारी आजी 'नमो मरिये' सुरू झाले की ओठ हलवू लागते. लग्नातले जुने गाणे कोणी म्हटले की बोटांनी ताल धरते. जे सुरात, तालात, अंगात मुरले, ते उशिरा मावळते. घरच्यांनी त्यांच्याबरोबर गाणे म्हणावे. ती शुश्रूषाच आहे.

आम्हाला वेळ कुठे होता?

"खेळ हे सुखवस्तू लोकांचे," असा आक्षेप येईल आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पहाटे अंधारात भाजीच्या, फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या आमच्या आया-बहिणींना खेळायला वेळ कोणी दिला? परंतु त्यांच्याच जीवनाकडे नीट पाहा. जात्यावर ओवी होती, भातलावणीला गाणे होते, लग्नघरात उखाणे आणि रात्रभराचा नाच होता. कष्टात त्यांनी खेळ मिसळला होता, म्हणून ते कष्ट पेलले. शब्बाथाची विश्रांती परमेश्वराने धन्याइतकीच दास-दासींना आणि बैलालाही दिली आहे (अनुवाद ५:१४). तेव्हा मोकळा वेळ हा श्रीमंताचा दागिना नाही, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. ज्यांना तो तरुणपणी मिळाला नाही, त्यांना निदान म्हातारपणी मिळावा, हा न्यायाचा प्रश्न आहे.

आपण मुले मात्र कधी कधी उलट करतो. "तुम्ही बसा, आम्ही करतो" असे म्हणून आईच्या हातातली विळी काढून घेतो, बाबांच्या हातातले खुरपे काढून घेतो आणि त्यांना टी.व्ही.समोर बसवतो. हेतू सेवेचा असतो. पण घेण्याच्या जागी काही देत नाही. आईवडिलांचा मान राख, ह्या आज्ञेत त्यांचे पोट भरणे येते, तसे त्यांचे शिकणे, गाणे, हसणे जिवंत ठेवणेही येते.

सदुसष्टाव्या वर्षीचे पुराण

मराठी ख्रिस्ती माणसाला ह्या बाबतीत फार दूर जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मले आणि १५७९ साली गोव्यात आले. तिशीत त्यांनी परकी बोली शिकायला घेतली. बाजारातली, घरातली भाषा ऐकत ते तिच्यात असे रमले की कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापून निघाले तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. ओवी त्यांनी निवडली, कारण लोक ती गाऊ शकत होते. पुराण नुसते कपाटात ठेवायला नव्हते; चर्चमध्ये ते लोकांसमोर वाचले आणि गायले जाई. परक्या भाषेत ओवी जुळवणारा साठीपलीकडचा धर्मगुरू! 'ह्या वयात शोभतं का' असे त्यांना कोणी म्हटले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

आपण काय करू शकतो?

नाताळच्या नाटकात दरवर्षी शिमोन आणि हन्ना येतात. दरवर्षी आठवीतला मुलगा कापसाची दाढी लावून शिमोन होतो. लूक सांगतो की हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती. ह्या वर्षी शिमोन आणि हन्ना ह्यांची कामे आपल्या खऱ्या आजी-आजोबांना द्यावीत, अशी माझी युवक मंडळाला सूचना आहे. वाक्य विसरले तर मागून सांगायला मुले आहेतच.

दुसरी गोष्ट, ज्या आजींना बोलीभाषेतील जुनी लग्नगीते येतात, त्यांनी ती गायकवृंदातील मुलींना शिकवावीत. आणि मुलींनी त्या बदल्यात आजींना एक नवे भक्तिगीत शिकवावे. एकाच वेळी दोघीही गुरू आणि दोघीही शिष्य!

तिसरी गोष्ट प्रत्येक घरासाठी. ह्या आठवड्यात एका संध्याकाळी टी.व्ही. आणि मोबाइल बाजूला ठेवा. सापशिडी, पत्ते, कॅरम, भेंड्या, काहीही चालेल. घरातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान ह्यांना एका बाजूला घ्या. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर खेळ त्यांच्या खाटेजवळ मांडा. त्यांनी फासा टाकला नाही तरी चालेल. हसण्याचा आवाज त्यांच्या कानी पडू द्या.

जखऱ्या संदेष्ट्याने तारण पावलेल्या यरुशलेमेचे चित्र काढले, तेव्हा त्यात सैन्य दाखवले नाही, सोनेनाणेही दाखवले नाही. वयामुळे हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या चौकात बसल्या आहेत आणि त्याच चौकात मुलेमुली खेळत आहेत, एवढेच त्याने दाखवले (जखऱ्या ८:४-५). एकच चौक, त्यात काठीही आहे आणि खेळही. देवाचे नगर असे दिसते. आपले धर्मग्रामही तसे दिसावे, म्हणून प्रभू आपल्याला हसरे मन आणि एकमेकांसाठी वेळ देवो.

तुमचा धर्मगुरू